एक ‘बाहेर’ राहून गेलं

पुस्तकात ओळ सुरू होण्याआधी डावीकडे जी कोरी जागा सुटलेली असते, ती सोडण्याचं काम मी बावीस वर्षं केलं. बुधवार पेठेत, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दोन दुकानांच्या मधल्या जिन्याने वर गेलं की आमची अक्षरजुळणीची खोली होती. माझ्या लग्नाच्या बोलण्यात नवऱ्याकडच्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?" तेव्हा वडिलांनी सांगितलं, "छापखान्यात कॉम्प्युटरवर असते." आमच्याकडे छापखाना नव्हता, पण कॉम्प्युटर हा शब्द ऐकून त्या काळी माणसं गप्प व्हायची. त्यामुळे पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि सासरी माझं काम आजतागायत कोणाला नीट कळलेलं नाही. तेव्हा आधी तेच सांगते.

आता पडद्यावर दिसतं तसंच कागदावर उमटतं. आमच्या वेळी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं असायची, सगळी एकाच मापाची आणि सगळी डाव्या कडेला चिकटलेली. शीर्षक मोठं हवं, ओळ आत घ्यायची आहे, मुद्द्यांना क, ख, ग लावायचं आहे, हे सारं मजकुराच्या मधेमधे आज्ञा टाईप करून यंत्राला सांगावं लागे. यंत्राने आपलं ऐकलं की नाही, ते ब्रोमाइड निघाल्यावर कळायचं. ब्रोमाइड म्हणजे फोटोचा जाड कागद. त्यावर मजकूर उमटायचा. तो धुवायचा, वाळवायचा, कापून पानाच्या मापाने चिकटवायचा आणि मग छापखान्यात पाठवायचा. म्हणजे स्वयंपाक झाकण न उघडता करायचा आणि चव थेट पंगतीत कळायची, असा तो प्रकार होता.

टॅब म्हणजे ओळीवर आधीच ठोकून ठेवलेली खुंटी. "तिसऱ्या खुंटीवर जा" म्हटलं की मजकूर तिथे जाऊन टांगला जाई. आणि मॅक्रो म्हणजे एका शब्दात बांधलेल्या दहा आज्ञा. घरात आपण नुसतं "चहा टाक" म्हणतो. पाणी घे, साखर घाल, उकळी आल्यावर पावडर टाक, झाकण ठेव, असं कोणी सांगत बसत नाही. तसंच यंत्रालाही एकदा सगळं समजावून त्याला एक नाव देऊन ठेवायचं. पोटमुद्द्यांसाठी मी दोन मॅक्रो केले होते. एकाचं नाव ‘आत’, दुसऱ्याचं ‘बाहेर’. ‘आत’ म्हटलं की यंत्र समास वाढवायचं आणि नवे क्रमांक सुरू करायचं. ‘बाहेर’ म्हटलं की परत आधीच्या पायरीवर यायचं. मुद्द्यात पोटमुद्दा, त्यात आणखी पोटमुद्दा असेल तर आत, आत, आत. आणि जितक्या वेळा आत गेलो तितक्या वेळा बाहेर यायचं. नेमकं हेच माणूस विसरतो.

मालक रशीदभाई. त्यांचं घराणं पुण्यातलं, तीन पिढ्या छपाईच्या धंद्यात. ते स्वतः खिळे जुळवण्यात वाढलेले होते. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, ओळींमध्ये पट्ट्या घालायच्या, पान दोरीने आवळायचं. खिळ्यांचे दिवस संपले तेव्हा त्यांनी हे यंत्र आणलं आणि मला शिकायला पाठवलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसून लाल शाईने ते मुद्रितं तपासत. मला "सुनंदाबाई" म्हणत, आणि चूक सापडली की "सुनंदाबाई, हे मुद्दाम केलंत का?" एवढंच विचारत. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. तो प्रश्नच पुरेसा व्हायचा.

माझी पहिली मोठी चूक कोथरूडच्या एका गृहरचना सोसायटीच्या नियमावलीत झाली. तिचे सचिव आपटे नावाचे निवृत्त गृहस्थ होते, हातात कायम कापडी पिशवी आणि पिशवीत सोसायटी. नियमावली म्हणजे सगळे मुद्दे आणि पोटमुद्दे. आपटे मुद्रितं घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले.

"मजकूर उत्तम लागलाय," ते म्हणाले. "फक्त एकदा नियम सतरा वाचून दाखवा."

मी वाचायला लागले. "सोसायटीच्या आवारात पुढील प्राणी मोकळे सोडू नयेत. क, कुत्री. ख, मांजरे. ग, कोंबड्या. घ, अध्यक्ष. च..."

"च, सचिव," आपटे म्हणाले. "म्हणजे मी. छ, खजिनदार. खजिनदारांच्या बाबतीत माझी हरकत नाही, पण मला संध्याकाळी फिरायला जावं लागतं."

कोंबड्यांनंतरचं ‘बाहेर’ माझ्याकडून राहिलं होतं. त्यामुळे पदाधिकाऱ्यांचा सबंध नियम प्राण्यांच्या पोटात गेला होता आणि यंत्राने इमानाने पुढचे क्रमांक लावले होते. रशीदभाईंनी लाल पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकले. आपट्यांनी ते पान स्वतःसाठी मागून घेतलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं आणि ते पुन्हा बिनविरोध निवडून आले, असं नंतर कळलं.

या प्रकारानंतर मी शहाणपणा केला. मोठ्या शीर्षकाचा जो मॅक्रो होता त्यात एक आज्ञा वाढवली: शीर्षक आलं की आपण कितीही आत असलो तरी यंत्राने आपोआप सगळ्यात बाहेर यावं. म्हणजे चूक झालीच तर पुढच्या शीर्षकापर्यंतच पसरेल. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. चूक लहान केली की ती दिसेनाशीही होते, हे तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने साळवे सिस्टर आमच्याकडे आल्या. सरकारी इस्पितळात आयुष्य काढलेल्या, शेवटी शेवटी नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या. खेड्यातल्या दवाखान्यांत जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तिथे एकट्या नर्सला हाताशी ठेवता येईल असं छोटं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. ताप, जुलाब, विंचू, भाजणं, बाळंतपण. हस्तलिखित शाळेच्या वह्यांत, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक आजाराखाली मुद्दे, त्याखाली पोटमुद्दे. औषधाची मोठ्यांची मात्रा मुख्य मुद्द्यात, आणि मुलांची मात्रा त्याखाली एक पायरी आत, ‘लहान मुले’ अशा उपशीर्षकाखाली.

"हे असं आत घेतलंय ते शोभेसाठी नाही," सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं. "माझ्या मुली घाईत असतात. त्या वाचत नाहीत, बघतात. डोळा बरोबर जागी पडला पाहिजे."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन त्याआधी कोणी केलं नव्हतं. मी ते पुस्तक मन लावून केलं. रशीदभाईंनी मुद्रितं दोनदा वाचली, सिस्टरनी तीनदा. सगळं मंजूर झालं. छपाईला देण्याच्या आदल्या दिवशी सिस्टरचा फोन आला: तापाच्या पानावर लहान मुलांच्या मात्रेखाली गोळीचे तुकडे कसे करावेत याबद्दल दोन ओळींची टीप आहे, ती काढा, ते पुढे सविस्तर आलंच आहे. मी ती टीप काढली, त्या पानाचं नवं ब्रोमाइड काढलं, चिकटवलं. दोन ओळी काढण्यात चूक काय होणार, म्हणून ते पान कोणी पुन्हा वाचलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पानं मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला पोतनीसांचा छापखाना होता, तिथे गेली. प्लेटा तयार करून पुढच्या दिवशी ते छपाई सुरू करणार होते.

त्या पुढच्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. रशीदभाईंनी सहज विचारलं, "त्या तापाच्या पानाला खाली काय भरलंत?"

"काही नाही. भरायला लागलंच नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "दोन ओळी काढल्यात ना?"

"हो."

"मग पानाखाली दोन ओळींची जागा रिकामी राहायला हवी. पान भरलेलंच कसं राहिलं?"

हा प्रश्न खिळे जुळवलेल्या माणसालाच पडू शकतो. त्यांच्या लेखी ओळ म्हणजे शिशाची वस्तू. दोन उचलल्या तर तिथे भोक पडतं, काहीतरी घालून ते बुजवावं लागतं. मी डबा तसाच टाकून पडद्यासमोर बसले आणि ते पान उघडलं. टीप गेली होती. टिपेला लागून असलेलं ‘बाहेर’ही तिच्याबरोबर गेलं होतं.

त्यामुळे काय झालं होतं ते सांगते. लहान मुलांखाली क आणि ख असे दोन पोटमुद्दे होते: क, पाव गोळी, ख, अर्धी गोळी. त्यानंतर बाहेर येऊन मोठ्यांसाठी पुढचा मुख्य मुद्दा होता: जास्त ताप असल्यास दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. बाहेर यायचं राहिलं, तर यंत्राने त्याला ‘ग’ दिला आणि लहान मुलांच्या रांगेत बसवलं. त्याखालचा अर्ध्या पानाचा मजकूरही आत सरकला, ओळी अरुंद झाल्या, मजकूर दोन ओळींनी वाढला आणि रिकामी जागा बरोबर भरून निघाली. पुढे नवं शीर्षक आलं आणि माझ्या शहाण्या मॅक्रोने सगळं सुरळीत केलं. पान दिसायला अगदी नीटनेटकं होतं.

छापखान्यात फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. यंत्र चालू असलं की त्या शेडमध्ये फोन ऐकू येत नसे. रशीदभाई म्हणाले, "तुम्ही गाडीवर पुढे व्हा, मी रिक्षाने येतो." मी ब्रोमाइडची एक जुनी आणि एक नवी प्रत पिशवीत घातली आणि मोपेड काढली. लक्ष्मी रस्ता, तिथून स्वारगेट. स्वारगेटच्या चौकात कांद्याचा ट्रक आडवा झाला होता. मी मोपेडवरून उतरून ती हाताने ढकलत ट्रकच्या बाजूने काढली. एरवी मी तिथे अर्धा तास मुकाट उभी राहणारी बाई.

शेडमध्ये बबनराव यंत्रावर होते. उंड्रीचे, धिप्पाड, बोटांना कायम शाई. पोतनीस जेवायला घरी गेले होते. मी ओरडून सांगितलं, "यंत्र बंद करा, पानात चूक आहे."

"मालकांचा सांगावा हाय का?" बबनरावांनी यंत्राकडे बघतच विचारलं.

"नाही. मी जुळणीची बाई. माझीच चूक आहे."

"बाई, मालक यिऊ द्या. मधीच बंद केलं तर शाई सुकती, पुन्हा लावायला येळ जातो. आन छापून झाल्यावर चिठ्ठी चिकटवत्यात की, शुद्धिपत्राची."

"ही चिठ्ठीची चूक नाही."

यंत्र दाणदाण कागद टाकत होतं. मी नुकताच पडलेला एक कागद उचलला. शाई ओलीच होती. तापाचं पान शोधून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "तुम्हाला वाचता येतं ना? लहान मुलं इथून सुरू होतात. वाचा खाली."

बबनरावांनी मान तिरपी करून वाचलं, ओठ हलवत. पाव गोळी. अर्धी गोळी. मग ते थांबले.

"ह्ये दोन गोळ्या कुणाला?"

"मोठ्या माणसाला. पण छापलंय लहान मुलांच्या खाली."

"दिसातनं तीनदा?"

"हो."

त्यांनी हात लांब करून यंत्र बंद केलं. शेड एकदम शांत झाली, बाहेरच्या हमालांचं बोलणं ऐकू यायला लागलं. "माजी नात दोन वर्साची हाय," ते म्हणाले, आणि चिंधीने हात पुसत बाहेर जाऊन उभे राहिले.

रशीदभाई आणि पोतनीस जवळजवळ एकदमच आले. पोतनीस उंच, कोरडे, कमी बोलणारे गृहस्थ. बंद यंत्र पाहून त्यांनी विचारलं, "कोणी थांबवलं?"

"मी," बबनराव म्हणाले.

"का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात रशीदभाई पुढे झाले. "साहेब, चूक माझी आहे. आयत्या वेळची दुरुस्ती होती, ती मी केली आणि वाचून घेतली नाही. नवं पान आज संध्याकाळपर्यंत देतो."

पोतनीसांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाले. मी गप्प राहिले. बबनरावांना मी सगळं खरं सांगितलं होतं, ते दारातून माझ्याकडे बघत होते, तरीही मी गप्प राहिले.

त्या दुपारी पान पुन्हा जुळवलं. तोवर रशीदभाईंनी सिस्टरना निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. त्या आल्या तेव्हा काय झालं ते मीच त्यांना सांगितलं, आणि सांगताना मला रडू आवरेना. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला, "किती प्रती बाहेर गेल्या?"

"एकही नाही. कागद सगळे शेडमध्येच आहेत."

"मग रडतेस कशाला? वॉर्डात चूक झाली की आम्ही दोन गोष्टी बघायचो. पेशंटपर्यंत पोचली का, आणि करणारीने स्वतः येऊन सांगितली का. तू सांगितलीस. आता डोळे पूस आणि मला ते पान दाखव."

त्यांनी पान बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "यात माझीही चूक आहे. एवढी मोठी गोष्ट मी नुसत्या जागेवर सोडली होती. प्रत्येक मात्रेच्या आधी ‘मोठ्यांसाठी’ किंवा ‘मुलांसाठी’ असा शब्द घाल. ठळक अक्षरात. सबंध पुस्तकात." म्हणजे प्रत्येक पान हलणार होतं. दोन दिवस मी आणि रशीदभाई तेच करत होतो. या वेळी प्रत्येक पान आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं. एकाने ‘आत’ म्हणायचं, दुसऱ्याने बोट ठेवून ‘बाहेर’ सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

छापलेले चुकीचे कागद मात्र सिस्टरनी कोणाच्या भरवशावर सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शेडमध्ये गेल्या. पाठकोरे कागद वह्यांना चालतील, असं पोतनीसांनी सुचवलं. "नाही चालणार," सिस्टर म्हणाल्या. बबनरावांनी गठ्ठे कटिंग मशीनमध्ये घालून तापाचं ते पान बरोबर मधोमध आडवं कापलं. सिस्टर शेवटचा गठ्ठा कापून होईपर्यंत स्टुलावर बसून होत्या. नंतर बबनरावांनी त्यांना चहा पाजला आणि नातीचा खोकला कशाने जाईल ते विचारून घेतलं.

पुस्तक छान निघालं. पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. आमच्या खोलीत ते अनेक वर्षं समोरच्या फळीवर असायचं, आणि नवं गिऱ्हाईक आलं की रशीदभाई तेच पुढे करायचे.

माझ्या मनात मात्र पोतनीसांचं ते "बरं" अडकून राहिलं. रशीदभाईंचं नाव धंद्यात स्वच्छ होतं. पोतनीस त्यानंतर आमचं प्रत्येक पान दोनदा बघतात, असं मला वाटायचं. खरं तर ते आधीपासूनच दोनदा बघत असतील. आज सांगू, उद्या सांगू करता करता सात-आठ महिने गेले. मी रशीदभाईंजवळ विषय काढला की ते म्हणत, "झालं ते. दुकानाची चूक म्हणजे मालकाची चूक. त्यात तुमचं काय?" याचं उत्तर मला सुचत नसे, आणि सुचत नाही हे मला सोयीचंही होतं. तेवढं कबूल करायला हवं.

शेवटी एका कॅलेंडरचं काम द्यायला मी पोतनीसांकडे गेले असताना ते एकटेच होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "साहेब, ते नर्सच्या पुस्तकाचं पान... ती चूक रशीदभाईंची नव्हती. दुरुस्ती मी केली होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

पोतनीसांनी कॅलेंडरचं पान उजेडात धरून नीट पाहिलं, खाली ठेवलं, मग चष्मा काढला.

"रशीदभाईंना मी तीस वर्षं ओळखतो," ते म्हणाले. "तुमचं ते जुळणीचं यंत्र चालू कुठून करतात, तेही त्यांना माहीत नाही. मागे तुम्ही रजेवर होतात तेव्हा माझा माणूस निरोप घेऊन आला होता, तर ते त्याला म्हणाले, बाई येईपर्यंत आमचं दुकान बंद समजा. हा माणूस म्हणे दुरुस्ती करणार."

मी विचारलं, "मग तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?"

"ते इतकं मन लावून खोटं बोलत होते," पोतनीस म्हणाले. "मधे कशाला पडायचं?"

मी परत आले. रशीदभाई टेबलाशी लाल पेन घेऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं, मी पोतनीससाहेबांना खरं काय ते सांगून आले. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, थोडा संकोच होता, एखाद्याने आपलं कपाट उघडून पाहिल्यासारखा.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्हाला यंत्र चालू करता येत नाही."

रशीदभाईंनी पेनाला टोपण लावलं. उठून माझ्या यंत्रापाशी आले, आजवर ज्या खुर्चीत कधी बसले नव्हते त्या माझ्या खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "दाखवा बरं, कुठून करायचं ते."